ओशहून अंदिजान, बॉर्डर चालत

लेक ओशला एमबीबीएस करते असं सांगितलं की लोक आधी विचारतात ओश कुठं आलं, मग म्हणतात म्हणजे रशियाच ना, आणि पूर्वी मी नाही म्हणून समजावत बसायचो. आता तिकडं स्वतः जाऊन आल्यावर वाटतं की लोकांचं पूर्ण चूक पण नाही. देश किर्गिस्तान, पण पाट्या रशियन लिपीत, तिचे काही सर रशियनमध्ये ओरडतात, आणि आम्ही २०२५ च्या एप्रिलात गेलो तेव्हा गावात भलामोठा लेनिन हात वर करून उभा होता.

आपल्या महाराष्ट्रातली पोरं तिकडं ढिगानं आहेत. लातूर, नांदेड, बीड, आमच्या कोल्हापूर भागातली पण. त्यामुळं आईबाप भेटायला जातात, आणि येताना राजधानी बिश्केकवरून येण्यापेक्षा ओशहून पायी बॉर्डर ओलांडून उझबेकिस्तानात जावं, अंदिजानहून ट्रेननं ताश्कंद आणि तिथून दिल्लीचं विमान असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. आम्ही तसंच आलो, मी आणि आमची सौ. दोघंही साठीच्या पुढचे. रशियन शून्य. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी सगळं लिहितोय, मध्ये मध्ये इतिहास येईल कारण मी हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवत होतो आणि ती खोड जात नाही.

आधी कागदपत्रं. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना ऑनलाइन मिळतो, एका एंट्रीचे २० डॉलर, ३० दिवसांचा. पासपोर्टचं पान आणि फोटो अपलोड करायचा, फाइल लहान करून घ्या नाहीतर ती घेतच नाही. ईमेलवर पीडीएफ येते. तिची प्रिंट काढाच, मोबाइलवर दाखवीन म्हणू नका, बॉर्डरवर बॅटरी, नेट, चष्मा, तिन्ही एकाच वेळी दगा देतात. दुसरं म्हणजे तुमचा किर्गिस्तानचा व्हिसा ज्या नाक्यांवर चालतो त्यांच्या यादीत तुमचा नाका आहे की नाही ते आधी बघून ठेवा, विमानतळावर उतरताना चालला म्हणजे जमिनीवरून बाहेर पडताना चालेलच असं गृहीत धरू नका. आणि लेकरांना सोबत नेणार असाल तर त्यांचा स्टुडंट व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का बघा. आमच्या लेकीचा नव्हता, म्हणून ती फक्त गेटपर्यंत आली. तिथून पुढं आम्ही दोघं आणि आमच्या बॅगा.

गोळ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. उझबेकिस्तानात औषधांबाबत कडक आहेत, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या असल्या गोष्टी अजिबात सहज घेऊन जाऊ नका. हिची बीपी आणि थायरॉइडची गोळी आणि माझी शुगरची, एवढंच ठेवलं होतं, मूळ पाकिटात, आणि गडहिंग्लजच्या आमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घेतलेलं पत्र. पट्टीतून काढून डबीत भरलेल्या सुट्या गोळ्या न्यायच्या नाहीत, कोण ओळखणार त्या कसल्या.

आता तो नाका. किर्गिझ लोक दोस्तुक म्हणतात, पलीकडचे दोस्तलिक. ओशच्या अगदी टोकालाच आहे, शहर संपतं न संपतं तोच. टॅक्सीत बसलो आणि एवढ्यात देश संपला पण? असं झालं. रस्त्याच्या कडेला दुकानं, पैसे बदलणारे, नान विकणाऱ्या बायका आणि पुढं एकदम गेट.

हे शहर असं बॉर्डरला चिकटून का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं की डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटलं आणि १५ देश झाले. पोरं लिहून घ्यायची, परीक्षेत दोन मार्क. पण फुटलं म्हणजे कुठून फुटलं ते ओशला जाऊन कळतं. ती रेघ मुळात देशाची नव्हतीच. १९२४ ला मॉस्कोच्या राजवटीनं मध्य आशियाचे तुकडे पाडले, कोण उझबेक, कोण किर्गिझ, कोण ताजिक, आणि ओश-अंदिजान ज्यात येतात त्या फरगणा खोऱ्यात ही सगळी माणसं गावागावात मिसळलेली. स्टॅलिननं मुद्दाम भांडणं लावायला नकाशा वेडावाकडा केला असं तिकडं पण बरेच जण म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. वाचलं तर दिसतं की तिथले स्थानिक पुढारी स्वतःच शहरासाठी, बाजारासाठी, पाटाच्या पाण्यासाठी भांडत होते. ओशच्या आसपास डोंगरात मेंढपाळ किर्गिझ आणि गावात उझबेक, मग किर्गिझ बाजूनं म्हणणं पडलं की आमच्याकडं शहरच नाही, आम्हाला एखादा बाजार नको का. ओश किर्गिझांकडं गेलं, अंदिजान उझबेकांकडं राहिलं. तेव्हा कुणाला काय फरक पडत होता, सगळं एकाच मालकाचं. रस्ते, कालवे, विजेच्या तारा रेघेवरून आरपार गेल्या. १९९१ ला मालक गेला आणि पुढं रेघेला कुंपण आलं.

आमच्याकडं सीमाभागात बेळगावचा वाद एवढा वर्षानुवर्षं तापतो, पण शेवटी निपाणीला जायला एसटी आहे. इथं बहिणीकडं जायला पासपोर्ट.

लेकीची घरमालकीण उझबेक, तिची सख्खी बहीण अंदिजानकडच्या गावात दिलेली. लेकीच्या मोडक्यातोडक्या रशियनमधून तिनं आम्हाला सांगितलं, चहा ओतत ओतत, की २०१० नंतर बॉर्डर बंदच होती. त्या जून महिन्यात ओशमध्ये किर्गिझ-उझबेक दंगल झाली, चारशेच्या वर माणसं गेली, लाखभर लोक पलीकडं पळाले, त्यात मुख्यतः बायका-पोरं आणि म्हातारी माणसं. नंतर साध्या माणसाला जायचं तर लग्न किंवा मयत असल्याचा पुरावा लागायचा. मयत झाली की पलीकडून शिक्का मारलेली तार यायची आणि ती नाक्यावर दाखवायची. बहिणीच्या नवऱ्याच्या वेळी तार आली तोवर माती झाली होती. हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, आमच्या कपात परत चहा घालत. तिकडं कप अर्धाच भरतात, पाहुण्याला परत परत वाढता यावं म्हणून.

सप्टेंबर २०१७ ला नाका परत उघडला. उझबेकिस्तानात जुने अध्यक्ष करीमोव वारले होते, मिर्झियोयेव नवीन अध्यक्ष आले, ते बिश्केकला गेले आणि दोन्हीकडून गेट उघडलं. घरमालकीण म्हणाली पहिल्या दिवशी एवढी गर्दी होती की चेंगराचेंगरी होईल असं वाटलं, पण ती गेलीच. आता दोन्हीकडच्या लोकांना साध्या ओळखपत्रावर जाता येतं, पासपोर्टची पण गरज नाही. आपल्याला अर्थात पासपोर्ट आणि व्हिसा.

तर आम्ही सकाळी लवकर गेलो. सकाळीच जा, आणि शनिवार-रविवार टाळा असं तिथल्या मेसवाल्यानं सांगितलं होतं ते बरोबर निघालं असावं कारण आम्हाला फार गर्दी लागली नाही. पहिल्या गेटवर एक पोरगेला शिपाई नुसता पासपोर्ट उघडून बघतो, आत सोडतो. लेक तिथंच थांबली. रडारड झाली, ती मी लिहीत नाही. आत गेलं की जाळीच्या मधून जाणारी वाट, मग हॉल, मग खिडक्या. किर्गिझ बाजूला काही विचारलं नाही. पासपोर्ट चाळला, आम्ही विमानानं आल्याचा शिक्का शोधला, बाहेर जाण्याचा शिक्का मारला, संपलं.

मग मधली पट्टी. दोन्ही देशांच्या मधली चालत जायची जागा, फार लांब नाही, पण बॅगा ओढत आणि सोबत गुडघे दुखणारी बायको असली की लांब वाटते. आमच्या पुढं मागं सगळ्या बायकाच. चौकड्यांच्या मोठ्या पिशव्या, पाठीवर गाठोडी, एकीच्या हातात पाळण्याचे लाकडी दांडे, नातवाला असणार. कुणी पर्यटक नाही. एका म्हातारीनं हिच्या हातातली पिशवी न विचारता एका बाजूनं धरली आणि दोघी मिळून उचलून चालायला लागल्या, भाषा कुठलीच नाही. ही मराठीत बोलत होती, ती तिच्या भाषेत. मी मागून बॅगा ओढतोय.

उझबेक बाजू कडक असते असं ऐकून होतो. तपासणी नीट असते, एवढं खरं. खिडकीवर पासपोर्ट आणि ई-व्हिसाची प्रिंट दिली, कॅमेऱ्याकडं बघा म्हणून खूण केली, ‘ताश्कंद? टुरिस्ट?’ मी दोन्हीला मान हलवली. ठप्प. मग कस्टम, स्कॅनरमधून बॅगा. हिची एक बॅग बाजूला काढली. तिथला अधिकारी तिशीचा असेल, हातमोजे घालून सगळं एकेक करून टेबलावर मांडायला लागला. औषधांची पिशवी आधी. प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून नाव वाचलं, मोबाइलवर काहीतरी टाकून बघितलं, डॉक्टरांचं पत्र वाचलं, परत नीट पिशवीत घातलं. मग मेतकुटाची बरणी. झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं, मी हातानं भातावर घालून कालवायची ॲक्शन केली, त्यानं ती शेजारच्याला दाखवली, त्यानंपण वास घेतला. मग खाली कापडी पिशवीत तांदूळ. ओशजवळ उझगेनला लालसर-तपकिरी तांदूळ होतो, देवझिरा म्हणतात, पुलावाला तिकडं सगळ्यात भारी तोच समजतात आणि घरमालकिणीनं आम्हाला बांधून दिला होता. त्यानं मूठभर तळहातावर घेतला, बोटानं पसरला, एक दाणा दाताखाली फोडला. ‘उझगेन?’ मी हो म्हणालो. त्यानं अंगठा वर केला आणि सगळी बॅग स्वतः परत भरली, आमच्या सौनं भरली होती त्यापेक्षा बरी. हिला ते आवडलं नाही.

एकूण कोल्हापूरच्या एखाद्या ऑफिसात दाखला काढायला जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्यात दोन देश झाले.

बाहेर पडल्यावर पहिलं काम घड्याळ. एक तास मागं घ्यायचं, उझबेकिस्तान भारताच्या अर्धा तास मागं आहे. ट्रेनचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवा, हा तास तुमच्या फायद्याचा आहे. पैसे बदलून घ्या, आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला बारा हजारांच्या वर सोम, म्हणजे तिथलं चलन, येत होते त्यामुळं खिशात एकदम लखपती असल्यासारखं वाटतं आणि टॅक्सीवाल्यानं आकडा सांगितला की छाती दडपते.

आणि गाड्या! ओशमध्ये निम्म्या गाड्या जपानहून आलेल्या जुन्या होंडा फिट, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं, पण वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, म्हणजे ओव्हरटेक करताना ड्रायव्हर शेजारच्याला विचारतो मोकळं आहे का. मला पुढं बसवलं तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो. गेटच्या या बाजूला एकही होंडा नाही. सगळ्या शेवरोले, आणि जवळजवळ सगळ्या पांढऱ्या, कारण कारखाना इथंच अंदिजानजवळ असाका गावात. आधी कोरियन देवूचा होता, नेक्सिया तिथलीच. ओशकडं रशियन लिपी, इथं एबीसीडी, कारण उझबेकांनी १९९३ ला लॅटिन लिपी घ्यायचं ठरवलं. माणसं तीच, नान तोच, टोप्या थोड्या वेगळ्या. तीस-पस्तीस वर्षांत एका कुंपणानं एवढं केलं.

टॅक्सीवाले अंगावर येतात, ‘अंदिजान, अंदिजान, ताश्कंद’. सीटवर जायचं की अख्खी गाडी, ते आधी ठरवा आणि भाडं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्या. आम्ही दोन सीटचे दिले, मागं आमच्यासोबत ती पिशवीवाली म्हातारी आली, तिनं हिला खिशातून जर्दाळू काढून दिले. रस्त्याला कालवे, कडेनं तुतीची झाडं एका उंचीला छाटलेली, रेशमाच्या किड्यांना पाला लागतो म्हणून. कापसाची रानं अजून काळी होती, पेरणीचे दिवस.

अंदिजान म्हणजे बाबराचं गाव. शिवकाल शिकवताना मुघलांची सुरुवात १५२६ पानिपत इथून करायची, त्याआधीचं कोण बघतंय. १४८३ ला इथं जन्मला, बारा वर्षांचा पण नव्हता तेव्हा बाप कबुतरखान्यासकट दरीत कोसळून मेला आणि हा गादीवर बसला. आपल्या आठवणीत त्यानं लिहून ठेवलंय की अंदिजानचे फेझंट पक्षी इतके लठ्ठ की एकाचा रस्सा चार माणसांना संपत नाही. आणि ओशच्या सुलेमान डोंगरावर त्यानं एक छोटी खोली बांधली होती, ती आता नव्यानं बांधलेली आहे, आम्ही चढून बघितली. ओश आणि अंदिजान त्याच्या लेखी एकाच रियासतीतली दोन गावं. त्याला इथं व्हिसा लागला असता हे मी हिला सांगितलं, तिनं लक्ष दिलं नाही, ती म्हातारीशी बोलत होती.

स्टेशनात शिरतानाच तिकीट आणि पासपोर्ट बघतात, मग सामान स्कॅनर. वेळेच्या आधी जा. तिकीट ऑनलाइन निघतं, आधी काढून ठेवा. डबा स्वच्छ, चहा मिळतो, ताश्कंदला पोचायला सहा तासांच्या आसपास.

या रेल्वेची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे कारण तीच सगळ्या बॉर्डरची गोष्ट आहे. फरगणा खोरं उझबेकिस्तानचंच, पण मध्ये डोंगर, आणि जुनी सोव्हिएत रेल्वे डोंगर टाळून खुजंदवरून जायची. खुजंद ताजिकिस्तानात, १९२९ ला ताजिक वेगळं प्रजासत्ताक केलं तेव्हा ते त्यांना दिलं. म्हणजे उझबेक माणसाला आपल्याच देशात ताश्कंदहून अंदिजानला रेल्वेनं जायचं तर मध्ये परदेश. सोव्हिएत काळात कुणाला कळलं पण नसेल कुठं हद्द बदलली. नंतर दोन्ही देशांचं बिनसलं आणि वाट अवघड झाली. मग उझबेकांनी अंगरेन ते पाप (ही गावांची नावं) अशी नवी लाइन टाकली, चिनी कंपनीनं कामचिक घाटाखालून १९.२ किलोमीटरचा बोगदा काढला, जून २०१६ ला सुरू झाला. पाप मागं पडलं की गाडी चढायला लागते, मग अंधार. पंधरा-सोळा मिनिटं बोगदा. सगळे आपापलं खात असतात, कुणाला काही वाटत नाही. मी खिडकीला डोकं लावून बघत होतो, दिसत काही नव्हतं. एक रेघ चुकवायला केवढा डोंगर पोखरला.

आम्ही गेलो तो मोसम या रेघांच्या दृष्टीनं भारी होता. १३ मार्चला बिश्केकमध्ये किर्गिझ आणि ताजिक अध्यक्षांनी सीमा करारावर सह्या केल्या होत्या. हेच दोन देश २०२१ आणि २०२२ ला एकमेकांवर गोळ्या झाडत होते, दुसऱ्या वेळी शंभरच्या वर माणसं गेली, सुरुवातच पाण्याच्या आणि रस्त्याच्या भांडणातून. मग ३१ मार्चला खुजंदमध्ये तिन्ही देशांनी जिथं तिघांच्या सीमा मिळतात ती जागा ठरवली. उझबेक-किर्गिझ सीमेचं २०२३ ला झालंच होतं, त्यात अंदिजानच्या धरणाची जमीन उझबेकांना आणि बदल्यात दुसरी जमीन किर्गिझांना. ओशमध्ये यावर सगळे खूष आहेत असं समजू नका. टॅक्सीवाला म्हणाला धरण दिलं म्हणजे पाणी दिलं, विरोध करणाऱ्यांना तर तुरुंगात टाकलं होतं, ते २०२४ ला सुटले. मला वाटतं करार अध्यक्षांनी केला आणि बंद खोलीत केला हे लोकांना लागलं, जमिनीपेक्षा जास्त. अजून ती सोख, वोरुख असली एका देशाच्या पोटातली दुसऱ्या देशाची गावं आहेतच. सोख तर भन्नाट, हद्द उझबेकिस्तानची, चहूबाजूनं किर्गिस्तान, आणि आत राहणारे बहुतेक ताजिक. हा प्रश्न मी पेपरात घातला असता तर पालक भांडायला आले असते.

ताश्कंदमध्ये हॉटेलातून रजिस्ट्रेशन करून घ्या, हॉटेलवाले ऑनलाइनच करतात पण स्लिप मागून घ्या. कुणा ओळखीच्यांकडं राहणार असाल तर ते काम तुमच्यावर येतं, तीन दिवसांच्या आत करावं लागतं, टाळू नका. दिल्लीच्या विमानाआधी अर्धा दिवस हाताशी असेल तर लालबहादूर शास्त्रींचा पुतळा बघून या, १९६६ ला करारावर सही केली आणि त्याच रात्री ते इथंच गेले. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

तो ओशचा लेनिन जूनमध्ये उतरवला. लेकीनं फोटो पाठवला, क्रेनच्या पायाशी आडवा. तिला विचारलं गावात लोक काय म्हणतात, तर म्हणाली काही नाही बाबा, म्हातारे हळहळले, बाकी सगळे फोटो काढत होते, आणि माझा व्हिसा मल्टिपलचा झालाय, पुढच्या वेळी मी अंदिजानपर्यंत येते. घरमालकिणीला बहिणीकडं काही पाठवायचं असतं नेहमी, तेही नेता येईल.

साठीच्या लोकांना जमेल का, असं आमच्या गावातले दोन-तीन पालक विचारत होते म्हणून सांगतो, जमतं. एक बॅग कमी न्या, आणि मेतकूट वरच ठेवा, खाली ठेवलं तर सगळी बॅग उपसतात.